सामायिक वर्कशॉपच्या आवारात गाड्या लावण्याचे नियम कसे ठरवावेत: नव्या सभासदांसाठी

गावात सामायिक वर्कशॉप उभं राहतं तेव्हा वेल्डिंग मशीन कोणतं घ्यायचं, मीटर कोणाच्या नावानं, किल्ली कोणाकडे, यावर रात्र-रात्र बोलणं होतं. गाड्या कुठं लावायच्या हा विषय मात्र कोणी काढत नाही. मग मे महिन्याचा शेवट येतो. मृग तोंडावर असतो, टिफण, वखर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर सगळं एकदम दुरुस्तीला निघतं आणि टिनाच्या शेडपुढं ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मोटरसायकली, एखाददुसरी बंडी अशी दाटी होते की, ज्याचं काम झालं त्याला बाहेर पडता येत नाही आणि ज्याचं व्हायचं आहे त्याला आत येता येत नाही. पहिलं भांडण तिथं होतं. ते वरवर जागेचं दिसतं, म्हणून लोक जागेची वाटणी करायला बसतात, आणि वाटणी झाली तरी भांडण तसंच राहतं.

गटाचे नवे सभासद म्हणून तुम्ही या चर्चेत उतरणार असाल, तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा. वाटायची आहे ती वेळ. गाडी कुठं उभी आहे यापेक्षा ती किती वेळ उभी आहे, यावर आवार मोकळं राहतं की तुंबतं ते ठरतं. पुढं लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १: बोलण्याआधी वही भरा

बैठकीत मत मांडायची घाई करू नका. आधी एक साधी वही करा आणि आठवडाभर आवारात येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवा: गाडी कोणती, आली कधी, कामाला हात कधी लागला, काम कधी संपलं, गाडी हलली कधी. मालकाचं नाव लिहू नका. नाव लिहिलंत की वही म्हणजे तक्रारअर्ज होते आणि पुढं तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या पाच रकान्यांतला सगळ्यात बोलका भाग म्हणजे शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर. काम संपलं आणि गाडी हलली, यामध्ये किती वेळ गेला? वेल्डिंगला अर्धा तास लागतो, पण मालक तिथूनच बँकेत जातो, कृषी केंद्रात जातो, चहाला बसतो, आणि ट्रॅक्टर दुपारपर्यंत दारात. याहून मोठा प्रश्न न हलणाऱ्या गाड्यांचा. बेअरिंग नागपूरहून यायचं आहे, पार्ट मिळाला नाही, पैशाची सोय व्हायची आहे, अशी कारणं असलेला एखादा जुना ट्रॅक्टर किंवा हडंबा (मळणी यंत्र) कोपऱ्यात उभा असतो. त्याच्याखाली गवत उगवतं आणि लोक त्याला आवाराचाच भाग समजू लागतात. वहीत तो रोज लिहा. रोज लिहिला म्हणजेच तो रोज जागा खातो हे कागदावर येतं.

जमलं तर अशा दोन नोंदी करा, एक हंगामातली आणि एक रिकाम्या दिवसांतली. जून आणि सोयाबीन काढणीचा ऑक्टोबर यांची गर्दी वेगळी असते, आणि फेब्रुवारीत केलेला नियम जूनमध्ये टिकत नाही.

पायरी २: टेप आणि फक्की

आवार मोजा. अंदाजानं बोलणाऱ्यांच्या बैठकीत ज्याच्याकडे मोजलेले आकडे असतात, त्याचं ऐकलं जातं.

काही ठोकळ मापं कामी येतील. मोटरसायकल लांबीला साधारण साडेसहा-सात फूट, आणि हँडलसकट काढता-घालता यावी म्हणून तीन फूट रुंदी धरा. नुसता ट्रॅक्टर अकरा-बारा फूट लांब आणि सहा फुटांच्या आसपास रुंद. त्याला ट्रॉली जोडली की लांबी पंचवीस फुटांच्या घरात जाते आणि वळायला वेगळी जागा लागते. म्हणजे ट्रॉलीसकट एक ट्रॅक्टर ३० बाय १० फुटांचा पट्टा अडवतो, तर तेवढ्यात ये-जा करायची फट सोडूनही दहा मोटरसायकली बसतात. हे गणित खडूनं पाटीवर लिहून ठेवा. ‘ट्रॉली हूक सोडून कुपाजवळ (कुंपणाजवळ) लावायची, दारात फक्त ट्रॅक्टर आणायचा’ हा एकच नियम निम्मी दाटी कमी करतो, आणि तो कोणाच्या हक्काला हात लावत नसल्यामुळे लवकर मान्य होतो. ट्रॉली सोडताना चाकाखाली दगड आणि दांड्याखाली पक्का टेकू, हेही त्याच नियमात घाला. तिथं लहान पोरं खेळतात.

मग फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकून जमिनीवर रेघा मारा. आधी रस्ता आखा, गाड्यांच्या जागा नंतर. फाटकापासून शेडपर्यंत बारा फुटांचा मोकळा पट्टा कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणानं बंद व्हायला नको. आवाराला दुसरं फाटक काढता येत असेल तर एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर अशी सोय करा. भरली ट्रॉली मागं घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि निम्मी खरचटणी तिथंच होते.

पायरी ३: सावली, चिखल, ठिणगी

शहरातल्या पार्किंगचे नियम इथं आणून चिकटवले तर ते चालत नाहीत, कारण आपल्याकडची जमीन आणि ऊन वेगळं आहे.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा आवारातल्या कडुनिंबाखालची जागा सोन्याच्या मोलाची असते. दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की सावली झाडाच्या पूर्वेला पडते, म्हणजे बारा ते चार या वेळेत भांडण पूर्वेकडच्या पट्ट्यावरच होणार. इथं माझं मत ठाम आहे: सावलीचा पहिला मान बैलांचा, मग कामासाठी थांबलेल्या माणसांचा, आणि उरली तर गाड्यांची. सीट तापते हे खरं, पण सीटवर गोणपाट टाकता येतं. बंडी आली तर बैल सोडून बांधायला सावली आणि पाणी हवं, आणि ती जागा ग्राइंडरपासून लांब हवी, कारण त्या आवाजानं बैल बुजतात. ‘आता बंड्या राहिल्याच किती’ असं कोणी म्हणेल. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याच्यासाठीच तर सामायिक वर्कशॉप आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

चिखलाचं भांडण जुलैत येतं. काळ्या जमिनीत दोन सरी पडल्या की मोटरसायकलवाल्याला मुरुमाची जागा हवी असते, ट्रॅक्टरवाला म्हणतो माझं वजन जास्त, मुरूम मला द्या. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण जड गाडी चिखलात गेली तर चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचतं आणि मग सगळ्यांचीच वाट बंद होते. म्हणून मुरूम जड गाड्यांना, आणि त्याच बैठकीत मोटरसायकलींसाठी शेडच्या भिंतीला लागून चार पत्रे टाकायचं ठरवा. एकाकडून काही घ्यायचं असेल तर त्याला काय देणार, हे त्याच दिवशी ठरलं पाहिजे. ‘पाहू पुढं’ म्हणून सोडलेला पत्रा कधी पडत नाही.

ठिणगीबाबत चर्चाच नको. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या ३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटर जाऊ शकतात असं धरून आग-सुरक्षेचे नियम बांधलेले असतात. तेवढ्या टप्प्यात पेट्रोलची गाडी, डिझेलचे कॅन, गोणपाट, काही असता कामा नये. कापसानं किंवा कुटारानं भरलेली ट्रॉली तर आवारात येऊच देऊ नका, मग मालक कितीही घाईत असो. ती बाहेर लांब सोडायची आणि फक्त ट्रॅक्टर आत आणायचा. अग्निशमन गाडी तालुक्याहून निघून गावात पोचेपर्यंत कापूस थांबत नाही. हा नियम मतांना टाकू नका, बैठकीच्या सुरुवातीलाच वाचून दाखवा.

दारापाशी एक सपाट जागा दिव्यांग सभासदासाठी राखा. चारचाकीसाठी अशा जागेची रुंदी किमान ३.६ मीटर, म्हणजे जवळपास बारा फूट धरली जाते, कारण दार पूर्ण उघडून खुर्ची फिरवता यावी लागते. तीनचाकी स्कूटरला त्याहून कमी पुरेल. अशी गाडी रोज येत नाही म्हणून जागा भरून टाकायची नाही. ती रिकामी आहे म्हणूनच तो माणूस येऊ शकतो.

पायरी ४: बैठकीला न येणाऱ्यांकडे आधी जा

बैठकीत जे बोलतात, ते बहुतेक ट्रॅक्टरवाले असतात. बचतगटाच्या बाया शेवया मशीनचा किंवा गिरणीचा पट्टा घेऊन येतात, त्यांना गर्दीतून वाट काढणं नको वाटतं. त्या परत जातात आणि तक्रारही करत नाहीत. पोडावरचा किंवा टोल्यावरचा, म्हणजे लांबच्या वस्तीवरचा, माणूस सकाळी निघून अकराला पोचतो, तोवर नंबर भरलेले असतात. शेजारच्या घरच्या आजीच्या दारात कोणाचा तरी ट्रॅक्टर उभा असतो आणि धूर तिच्या स्वयंपाकघरात जातो. या सगळ्यांना घरी जाऊन विचारा. एकच प्रश्न पुरे: ‘तुमाले इथं येताना काय अडचण होते?’ जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि बैठकीत तसंच वाचा.

पायरी ५: बैठक लावा, ती आवारातच

पेरणीच्या आठवड्यात बैठक नको, बाजाराच्या दिवशी नको. संध्याकाळी जेवणाआधी, उजेड असताना, आवारातच भरवा. फक्कीच्या रेघा समोर दिसत असल्या की ‘तिथं बसत नाही’ म्हणणाऱ्याला टेप देता येतो.

सुरुवातीला बोलण्याचे नियम ठरवून घ्या. सगळे एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. माणसाचं नाव घ्यायचं नाही, गाडीबद्दल बोलायचं. ‘अमक्याचा ट्रॅक्टर नेहमी आडवा असतो’ हे वाक्य बैठक संपवतं. ‘काम झाल्यावर ट्रॅक्टर सरासरी दोन-तीन तास दारात राहतो’ हे वाक्य ती सुरू करतं. आणि आवाज माणसागणिक एक: तीन ट्रॅक्टर असलेल्या कास्तकाराला एक मत, सायकलीवर येणाऱ्यालाही एक.

मग ‘योग्य’ म्हणजे काय, यावर थोडं थांबा. लोक चार वेगळ्या गोष्टींना योग्य म्हणतात. जो आधी आला त्याला आधी जागा. ज्याची गरज मोठी त्याला आधी. आळीपाळीनं सगळ्यांना. आणि ज्यानं जास्त पैसे किंवा मेहनत घातली त्याला जास्त. चारही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. प्रत्येकीत कोणाचं नुकसान होतं ते मोठ्यानं बोलून घ्या. ‘आधी येईल त्याला’ हे ऐकायला सरळ, पण त्यात जवळ राहणारा आणि पहाटे पोराला पाठवू शकणारा कायम जिंकतो. नुसत्या गरजेवर सोडलं तर प्रत्येकाची गरज सगळ्यात मोठी. मला स्वतःला मिश्रण पटतं: रोजच्या दिवसांत आधी येईल त्याला, जून आणि ऑक्टोबरमध्ये आदल्या संध्याकाळी नंबर लावायचे, त्यांतले काही लांबून येणाऱ्यांसाठी राखायचे, आणि दोघं अडलेच तर ईश्वरचिठ्ठी.

चौथ्या बाजूचा प्रसंग हमखास येतो. कोणीतरी जागा दिलेली असते, कोणी कंप्रेसर. ‘माह्या बापानं जागा देल्ली, मीच काहून गाडी काढू?’ हा प्रश्न अपमान न करता सोडवावा लागतो. देणाऱ्याचा मान मोठा ठेवा: भिंतीवर नाव, कार्यक्रमात पहिला हार. पण राखीव जागा देऊ नका, अध्यक्षालाही नको. एक राखीव जागा झाली की पुढच्या वर्षी पाच होतात. अध्यक्षानंच आपली गाडी सगळ्यांच्या रांगेत लावायचं आधी जाहीर केलं, तर हा विषय पुष्कळ सोपा होतो.

निर्णय हात वर करून घ्यायचा की सर्वसहमतीनं? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीनं निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. तिथं निर्णयाआधी अभ्यासगटात विषय फिरतो, आणि एखाद्याचा विरोध असेल तर त्याला हरवण्याऐवजी निर्णय थांबवून पुन्हा बोलतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव या पद्धतीनं चालतं. गाड्यांच्या नियमाला तर ही पद्धत फारच जुळते, कारण बहुमतानं हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन त्याच फाटकातून येणार असतो. सहमती अडली तर एक युक्ती वापरा: नियम कायमचा करू नका, पोळ्यापर्यंत करून पाहू म्हणा. कायमच्या नियमाला विरोध करणारा माणूस करून पाहायला सहसा तयार होतो.

पायरी ६: वेळेचे नियम, तारखेची चिठ्ठी

गाडी तीन कारणांनी थांबते. उतरवायला-चढवायला: त्यासाठी दारात पंधरा मिनिटं. काम चालू असताना: लागेल तेवढा वेळ, पण काम संपल्यावर अर्ध्या तासात हलवायची. आणि पार्टाची वाट पाहत: दारात एक दिवससुद्धा नको, मागच्या कुपाजवळ, आणि हँडलला चिठ्ठी. चिठ्ठीवर मालकाचं नाव, आल्याची तारीख, कशासाठी थांबली आहे आणि कधी हलणार. सामान्य दिवसांत सात दिवस, हंगामात दोन. मुदत संपली तर मालकानं येऊन नवी तारीख लिहायची. मुदतवाढ नाकारायची नाही, पण ती मागायला मात्र प्रत्यक्ष यावं लागेल. एवढ्यानंच कित्येक महिने उभं असलेलं यंत्र हलतं, कारण ते अजून आपलं आहे हे मालकाला सांगावं लागतं. पैशाअभावी कोणाचं इंजन अडलं असेल तर तेही या निमित्तानं गटाला कळतं, आणि कधी गटच पार्ट आणून देतो.

आवारात जागा भाड्यानं द्यावी का, असा विचार कोणी मांडेल. पहिल्या वर्षी नको. ज्याच्याकडे पैसे आहेत तो महिन्याचे भरून दारात कायम उभा राहील.

पायरी ७: ‘गाडी काढा’ हे कोण म्हणणार?

सगळे नियम इथं येऊन मोडतात. वर्कशॉपमध्ये काम करणारा वीस वर्षांचा पोरगा माजी सरपंचांना ‘काका, ट्रॅक्टर काढा’ म्हणू शकत नाही. म्हटलं तर उद्धट ठरतो, नाही म्हटलं तर नियम गेला. गावातली नाती, वय, जात, उधारी, सगळं त्या एका वाक्यात आडवं येतं. म्हणून ते वाक्य एका माणसावर टाकू नका. आठवड्याची पाळी लावा: प्रत्येक सभासद, मोठा असो की लहान, आपल्या आठवड्यात वही सांभाळेल आणि गाडी हलवायला सांगेल. माजी सरपंचांचीही पाळी येते, आणि ज्यानं स्वतः आठवडाभर सगळ्यांना सांगितलं आहे, तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं ऐकतो.

वाक्यही ठरवून द्या, म्हणजे कोणाला शब्द शोधावे लागणार नाहीत: ‘भाऊ, काम झालं असन तं गाडी मांगच्या कुपाजवळ घेता का?’ आणि बोट पाटीकडं.

दंडाचं जपून करा. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. लोकांनी दंडाला भाडं समजून घेतलं, आधी वाटणारा संकोच गेला, आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. वर्कशॉपमध्ये पन्नास रुपये दंड ठेवलात तर ऐपतवाला पन्नास देऊन दिवसभर दारात उभा राहील. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गायरानं, जंगलं, पाटाचं पाणी सांभाळणारे जगभरचे गट अभ्यासले. जे गट टिकले, त्यांचे नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, लक्षही त्यांच्यातलेच लोक ठेवत, आणि शिक्षा पहिल्या वेळी अगदी हलकी असून पुढं चढत जाई. तसंच करा. पहिल्यांदा तोंडी आठवण. दुसऱ्यांदा वहीत नोंद. तिसऱ्यांदा एक सकाळ श्रमदान, मुरूम पसरायला किंवा आवार झाडायला. त्याहीपुढं गेलं तर पुढच्या हंगामात नंबर शेवटचा.

हद्दीबाहेरचं

तुमचे नियम कुपाच्या आत चालतात. गाड्या रस्त्यावर सांडल्या तर तो विषय गटाचा राहत नाही. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं पंचायतीला आहे, आणि धोका होईल अशी गाडी रस्त्यावर सोडणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ खाली येतं. वर्कशॉपची जागाच ग्रामपंचायतीची असेल तर नियम ग्रामसभेपुढं ठेवून ठराव करून घ्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते लागतं. त्याआधीच्या महिला सभेतही विषय ठेवा. ज्या बाया आवारात येत नाहीत, त्या तिथं बोलतील.

पाटी आणि पुढची तारीख

पाटीवर सहा-सात ओळींपेक्षा जास्त लिहू नका, अक्षर मोठं ठेवा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी ट्रॅक्टर, मोटरसायकल, बैल यांची चित्रं रंगवून घ्या. गावातल्या शाळेतली पोरं ती हौसेनं काढतात. शेवटच्या ओळीत फेरविचाराची तारीख हवी: पहिला पोळ्यानंतरच्या रविवारी, दुसरा दिवाळीनंतर, सोयाबीनची गर्दी ओसरल्यावर. त्या दिवशी वही आणा आणि आधी एवढंच पाहा की, काम संपल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ कमी झाला का. झाला असेल तर नियम तसेच ठेवा. नसेल झाला तर कोणत्या तासाला, कोणत्या दाराशी गाडी अडकते ते वहीतून शोधा, आणि तेवढाच एक नियम बदला.